भाईदासभाऊंनी केलेला सिनेमाचा पंचनामा

त्या सिनेमाचं नाव इथे सांगण्यात अर्थ नाही. एक तर भाईदासभाऊंनी घरात बजावून ठेवलंय की ते नाव पुन्हा कोणी काढलं तर याद राखा, आणि दुसरं म्हणजे त्या बिचाऱ्या सिनेमाचा यात काडीचाही दोष नाही. पोलिसी चौकशीवरचा सिनेमा होता, एवढं कळलं तरी पुरे. एक खोली, एक टेबल, एक इन्स्पेक्टर, आणि शेजाऱ्याच्या खुनाच्या संशयावरून आणून बसवलेला एक साधासुधा मास्तर. दोन अडीच तास तेवढंच.

सिनेमा पाहिला सॅम्युअलभाऊंच्या घरी, कारण कॉलनीतला सगळ्यात मोठा टीव्ही त्यांचा. सॅम्युअलभाऊ मूळचे नवापूरकडच्या डोंगरातले, आरोग्य खात्यात नोकरीला. त्यांच्या मिसेस सुसानाताई प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यामुळे पडद्यावरच्या मास्तरला घाम फुटला तशी इकडे सुसानाताईंच्या डोळ्यांना धार लागली. सिनेमा संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे भाईदासभाऊंच्या ओट्यावर येऊन बसले आणि मतं सुरू झाली. सुसानाताईंचं म्हणणं, मास्तर लोकांना हे पोलीस उगाच छळतात. सॅम्युअलभाऊंना पहिला भाग फार लांबल्यासारखा वाटला, पण त्या भागात ते घोरत होते हे सगळ्यांनी ऐकलं होतं. वीस वर्षं होमगार्डमध्ये काढलेल्या जालमसिंगभाऊंनी इन्स्पेक्टरच्या टोपीला आक्षेप घेतला. आणि भाऊंच्या सौभाग्यवती कौसाबाई एवढंच म्हणाल्या, "चहाले वाफच नही व्हती. थंडा चहा पीसनी कोन खरं बोलस?"

भाईदासभाऊ मात्र गप्प होते. ज्याला अधिकार आहे त्यानं शेवटी बोलावं, असं त्यांचं एकूण धोरण. आणि या विषयात कॉलनीत अधिकार असेल तर तो त्यांचाच, असं त्यांचं ठाम मत होतं.

अधिकार असा, की भाऊ पंच होते. क्रिकेटचे नव्हेत, पंचनाम्याचे. कुठे काही चोरीचा माल सापडला, जप्ती झाली, की पोलिसांना पंच लागतात. गावातला माणूस पोलिसांची गाडी दिसली की शेतातून पसार होतो. सरकारी नोकर कुठे जाणार? भाऊ तालुक्याच्या गावी पाटबंधारे कार्यालयात वरिष्ठ लिपिक, कार्यालय पोलीस ठाण्यासमोर, आणि भाऊंचं टेबल खिडकीजवळ. बाहेरून नुसती हाक मारली तरी पुरे. अशा अकरा पंचनाम्यांवर 'पंच क्रमांक एक' म्हणून त्यांची सही आहे. अकराव्या सहीनंतर तर ते घरीसुद्धा पंचनाम्याच्या भाषेत बोलायला लागले. "सदर भाजीत मीठ आढळून आले नाही," असं ते एकदा म्हणाले होते, त्यावर कौसाबाईंनी दोन दिवस कुठल्याच भाजीत मीठ घातलं नाही.

भाऊंना सिनेमातला एकच प्रसंग सलत होता. इन्स्पेक्टर मास्तरवर हात उचलत नाही, ओरडत नाही, प्रश्नसुद्धा विचारत नाही. नुसता समोर बसतो आणि चहाचा कप सरकवतो. तेवढ्यावर मास्तर लहानपणी चोरलेल्या पेरूपासून सगळं भडाभडा सांगत सुटतो. भाऊ म्हणाले, साफ खोटं. ज्याचा हिशेब देवाजवळ चोख आहे, तो माणूस कशाला तोंड उघडेल? मी ठाण्यात तासन् तास बसलोय, कधी एक शब्द जास्तीचा बोललो नाही. ओट्यावरच्या मंडळींनी माना डोलावल्या, पण त्या माना डोलावण्यात भाऊंना हवी तेवढी गंभीरता नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं की हे मत लेखी नोंदवायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काजल, त्यांची मुलगी, आंघोळीला गेली होती आणि तिचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. सिनेमा दाखवणाऱ्या त्या ॲपवर खाली प्रेक्षकांची मतं लिहायची जागा असते. तिथे कोणी 'जबरदस्त' लिहिलं होतं, कोणी 'बकवास', कोणी नुसताच रडका चेहरा टाकला होता. एकानेही आपलं नाव, वय, पत्ता लिहिलेला नव्हता. असल्या बेवारस मतांना कोर्टात कोण विचारतं, असं म्हणून भाऊंनी दोन बोटांनी पुढीलप्रमाणे टाईप केलं:

'मी पंच क्र. १ भाईदास मोतीराम पाटील, वय ५४, धंदा नोकरी, मूळ राहणार ब्राह्मणपुरी, समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर सिनेमा काल रोजी पंचांसमक्ष पाहण्यात आला. सदर इन्स्पेक्टर खोटा आढळून आला. सदर खोलीत एसी आढळला, खऱ्या ठाण्यात पंखा असून तो टक् टक् वाजतो. मी सदर ठाण्यातील बाकावर अनेक वेळा बसलो असल्याने स्वानुभवाने सांगतो की, मारहाणीशिवाय निर्दोष माणूस काहीएक कबूल करीत नाही. सबब एक तारा. वाचून पाहिला, बरोबर व खरा आहे.' आणि खाली, पुढेमागे समन्स काढायचं झालं तर सोयीचं पडावं म्हणून, स्वतःचा मोबाईल नंबर.

एवढं करून भाऊ समाधानाने दाढी करायला बसले.

आता या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट भाऊंच्या लक्षात आली नव्हती. मोबाईल काजलचा, म्हणजे ॲपवरचं खातंही काजलचं. त्यामुळे मजकुराच्या वर नाव आलं काजल भाईदास पाटील आणि गोल चौकटीत तिचा ट्रॅकसूटमधला हसरा फोटो. आणि काजल ही त्या दिवसांत साधी मुलगी नव्हती. तिचं पोलीस शिपाई भरतीत नाव लागलं होतं. मैदानी झाली, लेखी झाली, यादी लागली, आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. ती याच ठाण्याकडून व्हायची होती. टक् टक् पंख्याच्या ठाण्याकडून.

काजल घरात एरवी अहिराणीच बोलते. ती शाळेतलं मराठी बोलायला लागली की समजावं प्रकरण गंभीर आहे. ती टॉवेल डोक्याला गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, मी ठाण्यातल्या बाकावर अनेक वेळा बसले आहे, असं माझ्या फोटोखाली लिहिलेलं आहे. मारहाणीचा उल्लेखसुद्धा आहे. हे कोणी लिहिलं ते मी विचारत नाही."

तिनं ते मत त्याच मिनिटाला काढून टाकलं. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्धाच सुटला, कारण तेवढ्यात ओट्यावरून जालमसिंगभाऊंनी आनंदाने सांगितलं की तो पंचनामा फार झकास जमला होता. त्यांनी तो आपल्या मोबाईलवर वाचून, त्याचा फोटो काढून होमगार्डच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथून तो पुढे कुठे कुठे गेला हे आता सांगता येत नव्हतं. त्या ग्रुपवर ठाण्यातले वाहरू हवालदारही होते. त्यांनी अंगठा दाखवला होता. तो शाबासकीचा होता की आणखी कशाचा, यावर भाऊ आणि जालमसिंग यांच्यात बराच वेळ चर्चा झाली.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी काही झालं नाही. भाऊंना वाटलं, हे जास्त वाईट. गुरुवारी दुपारी कार्यालयात फोन वाजला. वाहरू हवालदार. आवाज नेहमीचा मोकळा नव्हता, दाबून धरलेला होता. "भाऊसाहेब, मॅडमनी सकाय अकरा वाजता बलायेल शे." भाऊंनी उद्या कशासाठी म्हणून विचारलं, तर नुसतं "हं, या" आणि फोन बंद.

मॅडम म्हणजे रिना वसावे, नव्या सब-इन्स्पेक्टर. भाऊंनी त्यांना लांबूनच पाहिलं होतं. त्या कधी हसताना दिसल्या नव्हत्या, एवढीच त्यांच्याविषयी माहिती उपलब्ध होती.

संध्याकाळी ओट्यावर सल्लागार मंडळ बसलं. सॅम्युअलभाऊंचं मत, सिनेमाला पाच तारे देऊन एक नवीन मत लिहावं, म्हणजे आधीचं रद्द धरलं जाईल. सुसानाताई म्हणाल्या की आपण प्रार्थना करू, आणि त्या खरंच करतात म्हणून भाऊंना जास्तच भीती वाटली. जालमसिंगभाऊंचा सल्ला सगळ्यात नेमका होता. पांढरे कपडे घालून जा. विचारल्याशिवाय बोलू नका. आणि काहीही झालं तरी त्यांचा चहा घेऊ नका, चहा दिला म्हणजे समजा गेलात. कौसाबाई आतून म्हणाल्या की चहाला वाफ असली तर घ्यावा. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

भाऊंनी आपला एक स्वतंत्र मार्ग काढला. त्यांनी खुलासा लिहिला. विषय: दिनांक अमुकच्या सिनेमाबाबत. संदर्भ: सदर सिनेमा. त्यात त्यांनी 'बाकावर बसलो' म्हणजे पंच म्हणून बसलो, आणि 'अनेक वेळा' म्हणजे अकरा वेळा, हे मुद्देसूद मांडलं. तीन प्रती काढल्या. शुक्रवारी सकाळी कार्यालयात जाऊन त्याला जावक क्रमांक मागितला, तर जावक सांभाळणारा म्हणाला की सिनेमासाठी आपल्याकडे शीर्षच नाही, कालवा किंवा बंधारा यांपैकी कशात टाकू? भाऊ म्हणाले, बंधाऱ्यात टाका. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नियमबाह्य काम सांगितलं, आणि ते ठाण्यात जाण्याच्या दिवशी. त्यांना हे चिन्ह अजिबात बरं वाटलं नाही. त्या गडबडीत चष्मा टेबलावरच राहिला.

काजल सकाळपासून काही बोलली नव्हती. शुद्ध मराठीतसुद्धा नाही. तिनं बुटांच्या नाड्या बांधल्या, धावायला गेली, परत आली, पुन्हा बांधल्या. पडताळणीत एक ओळ वाकडी गेली तर तीन वर्षांचं पहाटेचं धावणं मातीत जाणार होतं, आणि ती ओळ बापानं लिहिलेली होती. भाऊंना तिच्याकडे बघवेना.

ठाण्यात मॅडम नव्हत्या. वाहरू हवालदार होते. त्यांनी मान हलवून बाकाकडे बोट केलं आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. बाक तोच, पंखा तोच. टक् टक् टक्. याआधी अकरा वेळा भाऊ इथे बसले होते, पण तेव्हा हा बाक एवढा अरुंद नव्हता. त्यांनी विचारलं, मॅडम कधी येतील? वाहरूंनी हात हलवला. कशासाठी बोलावलं असेल? वाहरूंनी डोळे मिटले, उघडले आणि लिहू लागले. ज्या माणसाला एरवी एक प्रश्न विचारला तर धडगावपासून सुरुवात करून सुरतेपर्यंत गोष्ट नेतो, तो आज तोंडातून अक्षर काढत नव्हता.

पाऊण तास झाला. मग दीड तास. भाऊंनी खुलासा तीनदा चाचपून पाहिला. समोरच्या भिंतीवर एक पाल होती, ती पण बघत होती. आणि मग वाहरू हवालदार सावकाश उठले, कोपऱ्यातल्या थर्मासमधून चहा ओतला, आणि काही न बोलता कप भाऊंच्या पुढ्यात सरकवला.

वाफ येत होती.

"स्टेपलर मीच घरी नेलेलं आहे," भाईदासभाऊ म्हणाले.

वाहरूंनी वर पाहिलं. पेन हातात होतंच, ते चालू लागलं. भाऊंना आपलं तोंड आपलं वाटेना. ते सांगत सुटले की कार्यालयातलं स्टेपलर पिनांसकट नेलेलं आहे, दोन वर्षं झाली. कॉलेजात असताना आंदोलनात एसटीवर दगड मारला होता, तो एसटीला न लागता पुढच्या मित्राला लागला, आणि आपणच त्याला दवाखान्यात नेऊन 'कोणी मारला रे' असं विचारलं होतं. सातव्या पंचनाम्यात चोरीची बकरी 'काळी' लिहिली होती, त्यावर आपण चष्मा नसताना सही केली. बकरी तपकिरी होती. नंतर ती बाजारात दिसली तेव्हा आपण तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीतून गेलो. सिनेमाची पहिली वीस मिनिटंसुद्धा आपण पाहिलेली नाहीत, फोनवर होतो, आणि तरी वर लिहिलं की समक्ष पाहण्यात आला. वाहरू हवालदारांनी गालाला हात लावला आणि लिहिणं चालू ठेवलं.

आणि मग ते आलं, जे भाऊंनी कौसाबाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आणि पोरीच्या भरतीत विघ्न यावं म्हणून मी नवस केला," ते म्हणाले. "गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत. दत्तासमोर हात जोडून सांगितलं, देवा, तिला काही इजा नको होऊ देऊ, पण धावण्यात थोडी मागे राहू दे. पुढच्या यात्रेला अनवाणी चालत येईन. मला भीती वाटत होती, वाहरूदादा. हे असले बाक, हे असले लोक, रात्री-अपरात्रीचा बंदोबस्त. एकुलती पोर आहे. मी अकरा वेळा इथे बसलोय, मला माहीत आहे इथे काय काय येतं ते. तिचं काही चुकलेलं नाही. जे काय वाकडं आहे ते माझं आहे. तिच्या कागदावर काही लिहू नका."

पंखा टक् टक् वाजत राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "पप्पा, तुमचा चष्मा."

काजल दारात उभी होती. बापाला शोधत कार्यालयात गेली होती, तिथे टेबलावर राहिलेला चष्मा घेऊन आली होती. तिच्या मागे रिना मॅडम, कोर्टातून आलेल्या, टोपी काखेत. दोघी कधीपासून उभ्या होत्या हे विचारण्याचं धाडस भाऊंना झालं नाही.

"किती मीटरचा नवस होता?" काजलनं विचारलं. शुद्ध मराठीत.

"आठशेचा," भाऊ म्हणाले. "गोळाफेकीचं मी काही बोललो नव्हतो."

"आणि नंदुरबारच्या मैदानावर कुंपणाच्या बाहेरून माझ्याबरोबर धावत होतं ते कोण होतं? शेजारी मिरच्या वाळत घातलेल्या, सगळ्यांना ठसका लागलेला, पोरी खोकत होत्या, आणि एक माणूस पाण्याची बाटली हातात घेऊन, चप्पल तुटलेली, 'पय, काजल, पय' करून ओरडत होता. शेवटच्या वळणावर मी बसणारच होते पप्पा. तो आवाज आला म्हणून बसले नाही. ते कोण होतं?"

भाऊंनी चष्मा घातला. तो लगेच धुरकट झाला.

"तेबी मीच व्हतू," ते म्हणाले.

मग मॅडम आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की काजल पाटीलचा पडताळणी अहवाल मंगळवारीच गेला, चांगला गेला. भाऊंना बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची चोरीला गेलेली मोटार सापडली होती आणि पंच मिळत नव्हते. तो सिनेमाचा पंचनामा त्यांनी वाचला होता आणि ठाण्यातल्या नव्या पोरांना दाखवलाही होता, की मुद्देसूद कसं लिहायचं ते बघा. भाऊंनी चाचरत विचारलं की सिनेमाबद्दल मॅडमचं काय मत आहे. मॅडम म्हणाल्या की त्यांनी पाहिलेला नाही, दिवसभर हेच बघून घरी जाऊन पुन्हा हेच कोण बघेल.

"आणि माझा जबाब?" भाऊंनी वाहरूंच्या रजिस्टराकडे बोट केलं. मॅडमनी रजिस्टर फिरवून दाखवलं. त्यात सारंगखेड्याच्या यात्रेच्या बंदोबस्ताची यादी होती, नावं आणि ठिकाणं, सुबक अक्षरात. वाहरू हवालदारांनी तेव्हा कुठे तोंड उघडून गालातली लवंग दाखवली. तीन दिवस दाढ दुखत होती. भाऊंचं त्यांनी निम्मंच ऐकलं होतं, पण बकरीचं मात्र त्यांच्या नीट लक्षात राहिलं होतं.

"स्टेपलर परत करा," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या की नाही हे भाऊंना नक्की सांगता येत नाही.

मोटार मागच्या अंगणात होती. भाऊंनी ती चारही बाजूंनी पाहिली, रंग दोनदा विचारून घेतला आणि सहीला पेन उघडलं. काजल खांद्याशी येऊन उभी राहिली.

"आते वाचीसन सही करा, पप्पा," ती म्हणाली.

भाऊंनी वाचलं. अहिराणी कानावर पडली होती, त्यामुळे सही एरवीपेक्षा बरी आली. बाहेर पडताना त्यांनी तिला विचारलं की देवानं नवस ऐकला नाही, मग अनवाणी जायचं की नाही? काजल म्हणाली की जायचं, आणि ती पण येणार, देवाला सांगायला की या माणसाचं पुढे काही ऐकू नको.

संध्याकाळी ओट्यावर बसून भाऊंनी काजलकडून रीतसर परवानगी घेतली आणि तिच्याच मोबाईलवर दुसरं मत लिहिलं. चहाच्या प्रसंगाबाबत पंचांचं म्हणणं बदललं असून सदर प्रसंग शंभर टक्के खरा आढळून आला, सबब पाच तारे. कौसाबाईंच्या आग्रहावरून 'फक्त चहाला वाफ पाहिजे होती' ही ओळ जोडली. नाव लिहिलं, वय लिहिलं. धंद्यापुढे 'नोकरी' असं टाईप केलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि पुसून टाकलं. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी तिथे 'मुलगी पोलिसात' असं लिहिलं आणि खाली पुन्हा मोबाईल नंबर दिला.